मोडी आहे, वाचक बघा

माझा वाढदिवस १ जून. खरा कधीचा ते आईलाही सांगता यायचं नाही, ती एवढंच म्हणायची की बेंदराच्या दुसऱ्या दिवशी झालास, घरात पुरण शिल्लक होतं. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलं, आणि माझ्या वयाचा निम्मा सातारा जिल्हा असाच १ जूनला जन्मलेला आहे, त्याला काय करणार. सरकारी नियम असा की एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो. त्यामुळं ३१ मे २०२२ ला वयाची ५८ भरली म्हणून मला घरी पाठवलं, आणि बेंदराचा हिशोब धरला तर दीडेक महिना आधीच पाठवलं असं मी अजून म्हणतो. त्या दिवशी आमच्या कचेरीतनं आम्ही तिघं एकदम गेलो, तिघंही १ जूनचे. एकच हॉल, एकच माईक, कंदी पेढ्यांचे दोन बॉक्स, आणि तिघांचा निरोप तासाभरात उरकला.

स्टाफनं वर्गणी काढून प्रत्येकाला एकेक आरामखुर्ची दिली. कापडी, घडीची. रावसाहेब भाषणात म्हणाले, भाऊसाहेबांनी ३३ वर्षं सरकारी खुर्ची झिजवली, आता ही झिजवावी. सगळे हसले, मीही हसलो. फेटा बांधलेला असला की माणूस कशालाही हसतो.

मी महसूल खात्यात अव्वल कारकून होतो. ३३ मधली १७ वर्षं रेकॉर्ड रूमला गेली. बाहेरच्या लोकांना वाटतं रेकॉर्ड रूम म्हणजे शिक्षा, आणि साहेबलोक काही वेळा शिक्षा म्हणूनच टाकायचे तिथं, पण मला ती खोली आवडायची. मांडण्यांवर ओळीनं रुमाल, म्हणजे लाल कापडात बांधलेली गाठोडी, त्यात गावोगावचे जुने फेरफार, कडईपत्रकं, जन्म-मृत्यूची बुकं. पावसाळ्यात कुबट वास, उन्हाळ्यात धूळ, बाराही महिने वाळवी. कुठल्या गावचा कुठल्या सालचा कागद कुठल्या मांडणीत आहे ते मला रजिस्टर न बघता सांगता यायचं, आणि ह्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

पहिले चार महिने मी रिटायर माणसानं जे जे करायचं असतं ते सगळं केलं. सकाळी चार भिंतीपर्यंत चढून जायचो, परत येताना पोवई नाक्यावर चहा, मग पेपर, मग बँकेत पासबुक भरून आणायचं (त्यात भरायला काही नसायचं). यवतेश्वरला चालत जाणाऱ्या एका ग्रुपनं मला घेतलं, त्यात सगळे माझ्यासारखेच, आणि बोलण्याचे विषय तीन, शुगर, पेन्शनची फरकाची रक्कम आणि मुलांचे फ्लॅट. वाईट माणसं नव्हती. पण एक दिवस लक्षात आलं की आख्ख्या आठवड्यात मला कुणीही काहीही विचारलेलं नाही. म्हणजे कसे आहात, बरं आहे का, हे विचारतात, तसलं विचारणं नाही म्हणत मी. कचेरीत असताना दिवसाला पन्नास जण विचारायचे, भाऊसाहेब हे कुठं मिळंल, भाऊसाहेब ह्याला तिकीट किती लावू, आणि मी वैतागायचो. आता वैतागायलाही काही नाही.

मग आपल्या खात्यातले लोक रिटायर झाल्यावर जे करतात ते समोर आलंच. कचेरीच्या बाहेर टपरीजवळ टेबल टाकून अर्ज लिहायचे, नक्कल काढून द्यायची, आत ओळख आहे म्हणून फाईल हलवायची. एक ओळखीचा एजंट घरी येऊन गेला. म्हणाला, तुम्हाला आतलं सगळं ठाऊक, तुम्ही नुसतं बसा, बाकीचं मी बघतो. 'बाकीचं' म्हणजे काय ते मला ३३ वर्षं कळत होतं. चहा पाजला आणि पाठवून दिला. काम हवं होतं मला, पण जी खुर्ची सोडली तिच्याच सावलीत बसून नको होतं.

पेन्शनच्या एका कागदासाठी कचेरीत गेलो होतो, २०२२ च्या ऑक्टोबरात. माझ्या जागी आलेला पोरगा चांगला होता, उठून उभा राहिला, बसा म्हणाला. तेवढ्यात खिडकीशी एक आज्जी आली, नऊवारी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नक्कल. म्हणाली, ह्यात काय लिव्हलंय बाळा. त्यानं कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "मोडी आहे आज्जी, वाचक बघा."

मी जागेवर गार झालो. कारण ते वाक्य माझं होतं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्यानं माझ्याकडनंच ऐकलेलं होतं, माझ्या हाताखाली दोन वर्षं होता तो. १७ वर्षं मी हे वाक्य किती वेळा बोललो असेन? रोज दोनदा धरलं तरी हिशोब करवत नाही. शोध फी घेतली, नक्कल फी घेतली, शिक्का मारला, सही केली, 'अस्सल बरहुकूम नक्कल' असं लिहिलं, आणि अस्सलात काय आहे ते मला कधीच ठाऊक नव्हतं! ज्या कागदांचा मी राखणदार होतो त्यातला एक शब्द मला वाचता येत नव्हता. देवळाच्या गुरवाला देवाचं नाव माहीत नसावं तसं झालं हे. आणि ह्याचं मला १७ वर्षांत एकदाही काही वाटलं नाही, हे त्याहून वाईट.

ती आज्जी पायऱ्या उतरून गेली. कुठली होती, कागद कसला होता, काही कळलं नाही. मी तेव्हाही काही करू शकत नव्हतो.

नोव्हेंबरात पुण्याला मोडीचा वर्ग लावला, शनिवार-रविवार. पुण्याला का, तर पेशवे दफ्तर तिथं, १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ तिथं, आणि शिकवणारे लोकही तिथं जास्त. पहाटे उठून सातारा-स्वारगेट विनाथांबा पकडायची आणि रात्री परत. कंडक्टरला विचारलं सीनियर सिटीझनचं हाफ तिकीट बसतंय का, तो म्हणाला ६५ पूर्ण पाहिजे. म्हणजे बघा, एक सरकारी खातं म्हणतं ५८ ला तू म्हातारा झालास, घरी जा, आणि दुसरं म्हणतं अजून सात वर्षं तू तरणा आहेस, फुल्ल तिकीट काढ. मी एसटीचं ऐकायचं ठरवलं.

शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान. मी त्यांना मॅडम म्हणायचो आणि त्या मला काका. 'भाऊसाहेब' तिथंच सुटलं. वर्गात कॉलेजची पोरं, दोन वकील, एक आयटीतला, आणि एकदम मागं मी. पहिल्या दिवशी त्यांनी बोरू हातात दिला आणि सांगितलं, आधी रेघ. आपण देवनागरीत अक्षर लिहून वर रेघ मारतो, मोडीत उलटं, आधी पानभर या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांमध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, ह्रस्व-दीर्घाची भानगड नाही. दांडीवर वाळत घातलेले कपडे असतात तसं सगळं सलग. एकेका अक्षराची दोन-दोन तीन-तीन रूपं, आणि काना-मात्रा जोडली की ओळखीचं अक्षरही परक्यासारखं बघतं. मला पहिल्या महिन्यात स्वतःचं नाव वाचता आलं नाही, आणि ते मीच लिहिलेलं होतं.

पोरांना पटापट यायचं. मला एकच गोष्ट त्यांच्यापेक्षा जास्त यायची, कागद काय म्हणणार आहे ते आधीच ठाऊक असायचं. त्यांना अक्षर लागायचं पण शब्द लागायचा नाही, 'कारणे खरेदीखत लिहून दिले ऐसाजे' असं आलं की पोरं 'ऐसाजे' पाशी अडायची, आणि मला अक्षर लागलं नाही तरी कळायचं की आता चतुःसीमा येणार, पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस ओढा, मग साक्षी, मग 'बिकलम' म्हणजे कुणाच्या हातचं लिखाण ते. ३३ वर्षं ज्या भाषेत नोकरी केली तिचंच हे आजोबांचं बोलणं होतं. मॅडम एकदा म्हणाल्या, काका तुम्ही वाचत नाही, तुम्ही अंदाज करताय, हे बंद करा. खरं होतं ते. अंदाज करायची सवय मोडायलाच मला अक्षरं शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

सगळ्यात सुंदर अक्षर पेशवाईतलं. कारकुनांनी काय जीव लावून लिहिलंय, आपल्याला लाज वाटावी असं. आणि सगळ्यात त्रासदायक इंग्रज आल्यानंतरचं, बोरू जाऊन टाक आला आणि अक्षर तिरपं, घाईचं, मुंग्यांना शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं. आणि लोकांच्या घरात, कचेऱ्यांत पडलेलं बहुतेक हेच. १९५० च्या आसपासपर्यंत गावाकडं मोडी लिहिणारी माणसं होती, म्हणजे मी जन्मलो त्याच्या अवघी १४-१५ वर्षं आधी. माझे आजोबा मोडीत सही करायचे. आम्ही पोरं हसायचो त्या सहीला.

वर्ग संपला, रोज दोन तास सराव केला, आणि तरी मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मग २०२३ उजाडलं. त्या सप्टेंबरात मराठ्यांना कुणबी दाखले द्यायच्या कामासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आधी मराठवाड्यापुरती, पुढं काम राज्यभर वाढलं, आणि दिवाळीच्या तोंडावर सगळ्या कचेऱ्यांत १९६७ च्या आधीच्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. आणि रुमाल सोडल्यावर लोकांच्या लक्षात आलं की निम्मे कागद मोडीत आहेत आणि वाचणारं कुणी नाही. जिल्ह्यात मोडी वाचक शोधा म्हणून फोनाफोनी. कुणीतरी माझं नाव दिलं. मानधनावर बोलावलं, आणि मी व्हिजिटरच्या दारानं, वहीत नाव-वेळ लिहून, एका कचेरीत शिरलो आणि व्हरांड्यात टाकलेल्या टेबलाशी बसलो.

आरक्षणाच्या राजकारणात मी पडत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी त्या बुकांबद्दल सांगतो. कोतवाल बुक म्हणतात त्याला, गाव नमुना १४, गावातला जन्म आणि मृत्यू. पानं पापडासारखी, उलटताना श्वास रोखायचा. एकेका ओळीत एक आख्खा माणूस. अमक्याला मुलगा झाला. अमक्याची मुलगी, वय तीन दिवस, ताप. पुढच्या ओळीत तिची आई. त्याच आठवड्यात त्याच गावात पटकीनं अकरा. मी जातीचा रकाना शोधायला बसलो होतो, पण नजर तिथं राहत नव्हती. संध्याकाळी घरी आलो की मी बोलायचोच नाही. हिला वाटलं कामाचा ताण आहे.

लोक भोवती कोंडाळं करून उभे राहायचे. एक तरणा पोरगा तीन दिवस येत होता, त्याच्या पणजोबांची नोंद सापडली पण जातीच्या रकान्यात शाई फुटलेली, काही म्हणजे काही लागत नव्हतं. म्हणाला, काका तेवढं कु वाचा की, कुणाला काय कळतंय. त्याचा मला राग नाही आला, तो नोकरीच्या रांगेत उभा असलेला पोरगा, त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो असतो. म्हणलं, बाबा, मला वाचता येत नव्हतं तेव्हाही मी खोटं बोललो नाही, आता येतंय तर कशाला बोलू. तो गेला. दहा दिवसांनी त्याच गावच्या दुसऱ्या बुकात त्याच्या पणजोबांच्या भावाची नोंद लागली, स्वच्छ अक्षरात. मी फोन केला त्याला. ही एवढी एक गोष्ट चांगली झाली म्हणून सांगतोय, बाकी कित्येकांचं काही लागलंच नाही, ते तसेच परत गेले.

तिथनं माझं चालू झालं. ते मानधनाचं काम थांबलं पण लोकांना नंबर मिळालेला होता. वाटणीपत्रं, गहाणखतं, पाटीलकीचे वाद, देवस्थानच्या सनदा, वंशावळीसाठी लागणारे कागद. आता जुने अभिलेख स्कॅन होऊन ऑनलाइनही मिळतात, पोरं मोबाईलवर पीडीएफ काढतात आणि मग त्यांना कळतं की आत मोडी आहे, की आले माझ्याकडं. निम्मे फोटो आडवे येतात, काहींवर अंगठ्याची सावली. मुलीनं मला एक टॅब घेऊन दिलाय, त्यावर दोन बोटांनी अक्षर मोठं करून बघतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय.

आता माझ्या एका चुकीबद्दल सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हे पुढं नेऊ नये. पहिल्याच वर्षी एका घराण्याचा कागद आला, पाटीलकीच्या भांडणातला अर्ज. त्यावर आकड्यात सन १२२०. जुन्या कागदांत सहसा इसवी सन नसतो, कधी शके, कधी फसली म्हणजे महसुली साल, कधी सुहूर म्हणजे मराठेशाहीत चालायचं ते अरबी वळणाचं साल. सुहूर सन बहुतेक वेळा अरबी शब्दांत लिहितात, 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, ११७५, त्यात ५९९ मिळवायचे म्हणजे १७७४, मृगापासून पुढचं वर्ष. फसलीत ५९० मिळवायचे. आता ह्या कागदावर शब्द नव्हते, नुसता आकडा, आणि महसुलात आयुष्य गेलेल्या माझ्या डोक्यात फसलीच बसलेलं, मी ५९० मिळवले, १८१० लिहून दिलं आणि पैसेही घेतले. त्यांनी त्यावरनं वंशावळ छापून आणली, बाळाचं बारसं होतं, पाहुण्यांना वाटली.

दोन महिन्यांनी त्यांच्यातला बी.ए. च्या दुसऱ्या वर्षाचा पोरगा आला. म्हणाला, काका, तुम्हीच ह्यात 'ग्रांट साहेब' असं वाचलंय, आणि ग्रांट साहेब, इंग्रजांचा अधिकारी, तर पेशवाई बुडाल्यावर १८१८ ला साताऱ्याला आला, मग १८१० च्या अर्जात कसा? मी कागद परत बघितला. सुहूरच होता. १८१९-२०. नऊ वर्षांची चूक, आणि त्या नऊ वर्षांत त्यांच्या वंशावळीत तीन वर्षांचा पोरगा पाटीलकीवर दावा सांगत होता, बारशाला कुणाच्या लक्षात आलं नाही एवढंच. पैसे परत केले, नवीन छपाईचेही द्यायला निघालो, त्यांनी घेतले नाहीत. पण मला सगळ्यात टोचलं ते हे की नोकरीत असल्या चुकीला मी कागद पुढं सरकवला असता, शेरा मारला असता, 'पडताळणीअंती' वगैरे. इथं सरकवायला पुढं टेबलच नाही. घराच्या दारात तो पोरगा उभा आणि मी. म्हणलं, चुकलो. आख्ख्या नोकरीत हा शब्द मी एकट्यानं कधी उच्चारला नव्हता, 'सदर बाब नजरचुकीने' असंच लिहायचो. आता दोन्ही सनांचा हिशोब मांडून, आतल्या माणसांशी ताडून मगच साल लिहितो, आणि पक्कं नसलं तर 'साल लागत नाही' असं स्वच्छ लिहितो.

पैशाबद्दल. पेन्शन जुनी आहे, शेवटच्या बेसिकच्या निम्मी, आम्हा दोघांना पुरते. म्हणून सुरुवातीला मी फुकट वाचून द्यायचो, समाजसेवा म्हणून. सहा महिन्यांत अक्कल आली. फुकटच्या कामाला माणूस वेळ पाळत नाही, रात्री साडेदहाला फोन करतो, चाळीस पानं टाकतो आणि उद्या सकाळी द्या म्हणतो, आणि वाचून दिलेलं न्यायलाही येत नाही. आता पानाला दोनशे रुपये घेतो, सकाळी नऊ ते बारा एवढंच काम, कोर्टात साक्षीला येणार नाही हे आधीच सांगतो. यवतेश्वरच्या ग्रुपमधला एक जण म्हणाला, अजून किती कमवणार हो, आता तरी सोडा. त्याला काय सांगायचं? मी सोडलंच होतं की, सोडल्यावरच हे हाताला लागलं.

हिनं मात्र सुरुवातीला डोक्याला हात लावला. ३३ वर्षं शर्टाची कॉलर घासून कचेरीची धूळ काढली, आता ती धूळ घरात आणून टेबलावर मांडलीत. पण गंमत अशी झाली की एक वाटणीपत्र वाचत होतो, तीन भावांची वाटणी, शेत, बैल, विहिरीतला हिस्सा आणि शेवटी भांडी. तपेली दोन, परात एक, पाटा-वरवंटा एक, आणि पुढं एक शब्द काही केल्या लागेना. काथ... काठ... काथवत? मी मोठ्यानं पुटपुटत होतो. ही आतनं भाकरी थापताना म्हणाली, काथवट असंल, आणि काय, भाकरीचं पीठ मळायची, माझ्या आज्जीची दहिवडीला अजून आहे. काथवटच होती. तेव्हापासून भांडीकुंडी, कपडालत्ता, लग्नातली देणीघेणी आली की मी टॅब घेऊन स्वयंपाकघरात जातो. तिला अक्षर एक येत नाही पण शब्द तिच्याकडं आहेत, आणि मला पानामागं दोनशे मिळतात त्यातले पन्नास ती डब्यात टाकायला लावते. हक्काचे म्हणते. निशाण्या तिला फार आवडतात. सही न येणारा कुणबी नांगर काढायचा, 'निशाणी नांगर', आणि बाईची निशाणी बांगडी, एवढासा गोल. एका खतावर चार नांगर आणि शेवटी एकच बांगडी होती, ती बोटानं दाखवून म्हणाली, हिला विचारलं तरी होतं का, का नुसती काढून घेतली. कागदात त्याचं उत्तर नव्हतं.

मुलगी मधे म्हणाली, बाबा आयआयटी रुरकीवाल्यांनी मोडीचं देवनागरी करणारं एआय बनवलंय, तुमचा धंदा बुडणार. म्हणलं येऊ दे, मलाही पानात चार अक्षरं अडतात, त्याला विचारीन. घरपोच माणूस मिळाला तर चांगलंच की.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आले होते. ८० च्या पुढचे, टोपी, काठी, बरोबर नातू. रायगड जिल्ह्यातनं आलेले, पण मूळचे इकडचेच, जावळीतले. गाव कोयनेच्या पाण्यात गेलं, १९६० च्या दशकात, शिवसागर भरला तेव्हा. तेव्हा ते शाळकरी वयाचे. एका चुलत्याच्या पेटीत कागद सापडला म्हणून घेऊन आले, कशाला हवाय म्हणून विचारलं तर नातू म्हणाला, कशाला नाही, आजोबांना ऐकायचाय. कुठल्या दाखल्याला नाही, कुठल्या दाव्याला नाही. नुसता ऐकायला कागद घेऊन आलेलं माझ्याकडचं हे पहिलं गिऱ्हाईक.

त्यांना आरामखुर्चीत बसवलं, तीच निरोपाची, माझ्यापेक्षा तीत माझी गिऱ्हाइकंच जास्त बसतात. खरेदीखत होतं, एका वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या, तुकड्याचं. मी वाचायला लागलो. थळाचं नाव आलं, आंब्याची पट्टी, आणि आजोबांनी हात वर केला, थांबा म्हणून. थांबलो. मग चतुःसीमा सुरू झाली, पूर्वेस... आणि ते मधेच म्हणाले, "आवो, पूर्व कुठली म्हणायची हिकडं?"

मी खिडकीकडं बघितलं, अजिंक्यतारा दिसतो तिथनं, त्यावरनं अंदाज घेऊन भिंतीकडं बोट केलं. म्हातारा काठी टेकत उठला, नातवाला म्हणाला खुर्ची फिरव. नातवानं खुर्ची फिरवली, तोंड एकदम भिंतीला, कॅलेंडरपासून हातभर अंतरावर. ते परत बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, हां, आता वाचा.

पूर्वेस अमक्याची नाचणीची जमीन. त्यांनी समोर हात केला. दक्षिणेस ओढा. उजवा हात. पश्चिमेस देवळाची वाट, अंगठा खांद्यावरनं मागं. उत्तरेस बांध आणि त्यावरची दोन फणसाची झाडं. डावा हात वर झाला आणि तसाच राहिला. "तीन," म्हणाले. "तीन होती. एक बारकं होतं."

मी कागद परत बघितला, अक्षर मोठं करून बघितलं. दोनच लिहिली होती. म्हणलं, आजोबा, कागदात दोन आहेत. म्हणाले, मग नंतर लागलं असंल. आणि सगळं पहिल्यापासून एकदा परत वाचायला लावलं.

पैसे घेतले नाहीत. आधीच लिहिलंय फुकट काम करत नाही म्हणून, पण नाही घेतले. मे महिन्यात पाणी हटलं की देवळाचा चौथरा दिसतो, या एकदा, म्हणाले, आणि नातवाच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरले. नाचणीची एक पिशवी तेवढी ठेवून गेले.

ही चहाचे कप उचलायला आली. म्हणाली, खुर्ची अशी भिंतीकडं तोंड करून का ठेवलीय?

म्हणलं, असू दे. पूर्व तिकडं आहे.